बॅलन्स रूममधली पांढरी पूड : सायक्लोहेक्झिमाइडचं एक प्रकरण

प्रयोगशाळा-सुरक्षेच्या प्रशिक्षणासाठी रचलेलं हे प्रकरण आहे. विभाग, माणसं आणि तो दिवस कल्पित आहेत. रसायन, त्याचे आकडे आणि चुकांची जात मात्र खरी.

काय घडलं

पावसाळा ओसरताना त्वचारोगाच्या ओपीडीत गजकर्णाची रांग लांबते. त्यात गेल्या काही वर्षांत हा आजार हट्टी झाला आहे. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला सहजी दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी २०२० साली वेगळ्या नावाने नोंदली गेली आणि आता तिचं नाव ओपीडीच्या कागदांवर दिसू लागलं आहे. पूर्वी केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघून भागायचं, तिथे आता डॉक्टर कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून बघणं, मागतात. एका जिल्ह्याच्या गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातही हेच चाललं होतं.

त्वचेच्या खरवडीतून गजकर्णाची बुरशी वाढवायची तर साबुरो डेक्स्ट्रोज अगर या माध्यमात, म्हणजे बुरशीच्या खाद्यात, दोन औषधं घालतात. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल बॅक्टेरियांना आवरतं. लिटरला ५०० मिलिग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड हवेतून आलेल्या फालतू बुरशींना आवरतं. गजकर्णाच्या बुरशी त्याला पुरून उरतात, म्हणून त्या उठून दिसतात. दोन्ही औषधं आधीच मिसळलेलं तयार माध्यम विभागात नेहमी असायचं. त्या महिन्यात ते संपलं, इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, वरच्या टेबलावर अडकलं, आणि स्थानिक खरेदीतून साधं साबुरो माध्यम आणि शुद्ध सायक्लोहेक्झिमाइडची ५ ग्रॅमची बाटली आली. बाटली फ्रिजमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि जेंटामायसिन यांच्या रांगेत ठेवली गेली. लेबलवर कवटीचं चिन्ह होतं, पण बाटली भिंतीकडे तोंड करून होती.

दुपारी बाराच्या आत विभागातले सर्वांत अनुभवी टेक्निशियन, ज्यांना सगळे काका म्हणतात, ती बाटली घेऊन बॅलन्स रूममध्ये गेले. ही खोली तीन विभागांची मिळून एक. वर पंखा सुरू. काकांनी ॲप्रन घातला होता, लेटेक्सचे ग्लोव्हज होते, साधा सर्जिकल मास्कही होता. बटर पेपर बॅलन्सवर ठेवून त्यांनी पूड घेतली. आकडा ५१२ मिलिग्रॅमवर गेला, म्हणून स्पॅच्युलाने थोडी पूड उचलून परत बाटलीत टाकली. काचेचं दार उघडं होतं. पंख्याच्या वाऱ्याने कागदाची कड हलली आणि चिमूटभरही नाही एवढी पूड पॅनवर आणि पॅनभोवतीच्या खाचेत सांडली. बॅलन्सला टांगलेल्या मऊ ब्रशने त्यांनी ती झटकली, ग्लोव्हज न काढता लॉगबुकात नोंद केली, कागदाची घडी घातली आणि कॉरिडॉरमधून मीडिया रूमकडे निघाले.

काही वेळाने दुसऱ्या वर्षाची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी सलाइनसाठी मीठ तोलायला आली. ती पाच महिन्यांची गरोदर होती. पॅनवर पांढरी धूळ दिसली. बॅलन्स रूममध्ये पांढरी धूळ म्हणजे मीठ, अगर नाहीतर साखर, असंच कोणीही धरून चालेल. तिने ग्लोव्हज न घालता टिश्यूने पुसलं, खाचेतलं फुंकून काढलं, मीठ तोललं, नोंद केली आणि गेली.

अडीचच्या सुमारास मायकॉलॉजीच्या प्रभारी मॅडम मीडियाच्या रजिस्टरवर सही करत होत्या. सायक्लोहेक्झिमाइडपुढे ‘०.५ ग्रॅम’ असं लिहिलेलं पाहून त्यांचं पेन थांबलं.

“काका, हे वजन कुठं केलंत?”

“बॅलन्स रूममध्ये, मॅडम. दुसरीकडं कुठं करणार?”

हे रसायन आहे तरी काय

काकांचा प्रश्न रास्त होता. एवढी वर्षं त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्फोटेरिसिन, बॅसिट्रॅसिन अशी कितीतरी औषधं त्याच बॅलन्सवर तोलली होती. त्या रांगेतली ही नवी बाटली वेगळी वागवावी असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

सायक्लोहेक्झिमाइड स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूपासून मिळतं. स्ट्रेप्टोमायसिन ज्यातून आलं तोच हा जीव. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या संशोधकांना स्ट्रेप्टोमायसिनच्या मळीत बुरशी मारणारं आणखी काहीतरी सापडलं आणि ते ‘ॲक्टिडायोन’ या नावाने बाजारात आलं. तिकडे ते चेरीच्या पानांवरच्या ठिपक्यांवर आणि गोल्फच्या हिरवळीवरच्या रोगांवर फवारलं जायचं. माणसाचं औषध म्हणून मात्र ते कधी रुजलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या कामातच आहे.

फ्रिजमधली बहुतेक प्रतिजैविकं बॅक्टेरियांच्या अशा भागांवर नेम धरतात जे आपल्या पेशीत नसतात किंवा वेगळ्या घडणीचे असतात. क्लोरॅम्फेनिकॉल बॅक्टेरियांच्या ७०एस रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, अडवतं. सायक्लोहेक्झिमाइड नेमकं उलट वागतं. बॅक्टेरियांना ते हात लावत नाही; बुरशी, वनस्पती, प्राणी, माणूस या सगळ्यांच्या ८०एस रायबोसोमच्या मोठ्या उपघटकावर बसतं आणि प्रथिनांची साखळी पुढे सरकण्याचं पाऊल थांबवतं. बुरशीच्या पेशीत ते जे करतं, तेच ते आपल्या पेशीत करायला मोकळं आहे. पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते वापरतात तेही यासाठीच. पेशीत नवं प्रथिन तयार होणं थांबवून जुनं किती वेळात नाहीसं होतं ते मोजायचं असतं.

उंदीर-घुशींवरचे आकडे पाहिले की काम आणखी अवघड होतं. मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, तोंडावाटे निम्मे प्राणी मारणारी मात्रा किलोला साधारण २ मिलिग्रॅम आहे. छोट्या उंदरात, म्हणजे माउसमध्ये, तोच आकडा शंभराच्या वर जातो. माकडात साठच्या आसपास. दोन कुरतडणाऱ्या प्राण्यांतच एवढी तफावत असेल, तर माणूस कुणासारखा हे गृहीत धरायचा अधिकार कुणालाच नाही. प्रयोगशाळेत सर्वांत वाईट आकडा आपला मानायचा, म्हणून बाटलीवर ‘गिळल्यास प्राणघातक’ असं छापलेलं असतं. त्याखाली आणखी दोन ओळी असतात: जनुकांत बदल घडवल्याचा संशय, आणि गर्भाला हानी होऊ शकते. जलचरांनाही ते विषारी आहे, म्हणजे सिंकमध्ये ओतणं हा मार्ग नाही. यावर उतारा नाही. उपचार लक्षणं पाहूनच करायचे.

त्या दुपारी विभागात बाटली फोडली गेली नव्हती, कुणी ते गिळलं नव्हतं, कुणी चक्कर येऊन पडलं नव्हतं. मॅडमच्या जागी अनेकांनी सही करून रजिस्टर मिटलं असतं.

पुढचे दोन तास

मॅडमनी पहिली गोष्ट केली ती खोलीच्या दारावर कागद चिकटवण्याची. पंखा बंद. कुणी आत जायचं नाही. दुसरी गोष्ट लॉगबुक. काकांच्या नोंदीनंतर बॅलन्सवर कोण कोण आलं, हे त्यात स्वच्छ दिसत होतं: एकच नाव. विद्यार्थिनीला फोन गेला. ती डबा खाऊन लायब्ररीत बसली होती.

आपल्याकडे जेवण हाताने. पोळी मोडायची, भाजी उचलायची, बोटं तोंडाला लागायची. परदेशी सुरक्षा-पुस्तकांत ‘प्रयोगशाळेत खाऊ नका’ एवढं असतं. जेवण दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या तासाला असलं तरी बोटं तीच असतात, हे त्यात लिहावं लागत नाही. सुदैवाने ती डब्याआधी बेसिनवर साबणाने कोपरापर्यंत हात धुणाऱ्यांपैकी होती. याचा दुहेरी उपयोग झाला असणार. पाण्याने पूड वाहून जाते, शिवाय हे रसायन आम्लात टिकतं पण अल्कलीपुढे ढासळतं, आणि बेसिनवरची साबणवडी अल्कधर्मी असते. त्याऐवजी तिने कोविडच्या सवयीने बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं असतं, तर अल्कोहोलमध्ये सहज विरघळणारं हे रसायन तळहातभर पसरलं असतं आणि तिथेच राहिलं असतं.

तिला सांगायचं की नाही यावर विभागप्रमुखांच्या खोलीत वाद झाला. ‘घाबरेल बिचारी, आणि झालं तर काहीच नाही’, असा एक सूर होता. मॅडमचं म्हणणं होतं की घाबरायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं, आपण तिच्या वतीने ठरवू नये. शिवाय पुढे काही त्रास झाला तर तिच्या डॉक्टरांकडे ही माहिती असलीच पाहिजे. संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा निर्णय. साफसफाई कुणीही सांगून करून घेऊ शकतं. हा वाद मात्र दर वेळी नव्याने जिंकावा लागतो.

तिला सांगितलं ते असं. पॅनवर पडलेली पूड १० मिलिग्रॅमच्या वर असण्याची शक्यता कमी. त्यातला दहावा हिस्सा बोटांवर आला आणि तो सगळा पोटात गेला असं धरलं, तरी १ मिलिग्रॅम होते. साठ किलोच्या माणसात ती किलोला ०.०१७ मिलिग्रॅम भरते, म्हणजे रॅटच्या त्या आकड्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तीव्र विषबाधेची भीती यातून बरीच उतरते. पण प्राणघातक मात्रेच्या आकड्यावरून गर्भावरच्या परिणामाबद्दल काहीच काढता येत नाही; ते दोन वेगळे प्रश्न आहेत. मॅडमनी हे दुसरं वाक्य गाळलं नाही. रसायनाच्या सुरक्षा-पत्रकाची छापील प्रत तिच्या हातात दिली आणि तिला प्रसूतिशास्त्र विभागात तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मळमळ, उलट्या, जुलाब यांकडे लक्ष ठेवत संध्याकाळपर्यंत थांबवलं आणि नोंद तिच्या केसपेपरवर केली. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र अशा वेळी डॉक्टरांना सल्ला देतं; कॅज्युअल्टीतून तिथे फोन झाला. तिला काही त्रास झाला नाही.

काका मात्र विसरलेच जात होते. पूड सर्वांत जास्त त्यांच्याच जवळ उडाली होती, आणि सर्जिकल मास्क बारीक पुडीसाठी नसतोच. नाकाच्या बाजूच्या फटीतून हवा सरळ आत जाते. त्यांनाही तपासलं, त्यांचाही कागद झाला.

लॉगबुकात नसलेलं नाव

चारच्या सुमारास साफसफाईची तयारी झाली आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की खोलीतलं टेबल विलक्षण स्वच्छ आहे.

मावशी जेवणाच्या सुट्टीत रोज बॅलन्स रूम झाडतात आणि टेबलं पुसतात. त्या दिवशीही पुसली होती. कोरड्या फडक्याने, उघड्या हाताने. फडकं खिडकीबाहेर झटकलं आणि मग त्याच फडक्याने शेजारच्या खोलीतला टेबलफॅन पुसला. बॅलन्स वापरणाऱ्यांना नोंद करावी लागते. बॅलन्स पुसणाऱ्यांना नाही. लॉगबुकवर विसंबून तपास केला असता तर मावशी शेवटपर्यंत त्यात आल्याच नसत्या. मॅडमनी त्यांना बोलावलं तेव्हा त्या आधी घाबरल्या त्या वेगळ्याच कारणाने: “काही फुटलं का माझ्याकडून?”

त्यांनाही हात धुवायला लावले, तपासलं, कागद केला. पण सुरक्षा-पत्रक इंग्रजीत. ते त्यांच्या हातात देऊन काय होणार? काकांनी त्यांना दोन वाक्यांत मराठीत सांगितलं आणि पुढे तेच मोठ्या अक्षरात दारावर लागलं.

मला या प्रकरणातली खरी गोम इथे दिसते. ग्लोव्हज, मास्क, ॲप्रन ही सगळी तयारी बाटली हातात घेणाऱ्यासाठी होती. पूड मात्र ज्यांना बाटलीचं नावही माहीत नव्हतं त्यांच्याकडे गेली. काकांनी आणखी चांगले ग्लोव्हज घातले असते तरी विद्यार्थिनी आणि मावशी यांच्यासाठी काहीच बदललं नसतं. खरं तर ग्लोव्हज घालूनच त्यांनी लॉगबुकचं पेन धरलं होतं आणि दाराची कडी उघडली होती.

साफसफाई

कुणीतरी सवयीने १ टक्का हायपो (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइट) आणला. मॅडमनी तो परत पाठवला. स्टीलच्या पॅनला तो खातो, आणि इथे जंतू मारायचे नव्हते, एक रेणू मोडायचा होता. सायक्लोहेक्झिमाइडसाठी साबणाचं पाणी किंवा सोडा पुरतो. सौम्य अल्कलीतही ते तुटतं आणि त्यातून डायमिथिलसायक्लोहेक्झेनोन नावाचा वासाचा पदार्थ सुटतो. १९४०च्या दशकात या रसायनाची रचना उलगडताना रसायनशास्त्रज्ञांना हाच धागा उपयोगी पडला होता. विभागाने धुण्याचा सोडा आणि द्रव साबण पाण्यात कालवला.

पंखा बंद होऊन बराच वेळ झाला होता, हवेतली पूड बसली होती. आत दोघंच गेली. एन९५ मास्क, गॉगल, नायट्रिलच्या ग्लोव्हजचे दोन थर, आणि बॅलन्सची वायर आधीच काढलेली. सांडलेल्या जागी ओला टिश्यू आधी अंथरला, मग उचलला. कोरडं पुसणं, झाडणं, ब्रश मारणं यांपैकी काही नाही. पॅन काढून सोड्याच्या पाण्यात बुडवला. खाचेतलं कापसाच्या ओल्या काडीने काढलं. बॅलन्सच्या अंगावर पाणी ओतता येत नाही, म्हणून ओल्या टिश्यूने बाहेरून आत असं तीनदा पुसलं. एक हात फिरवून भागत नाही, कारण अल्कलीला कामाला वेळ लागतो. ओला टिश्यू पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवला. नंतर साधं पाणी. मग टेबल, पंख्याची पाती, दाराच्या कड्या, लॉगबुकचं पुठ्ठ्याचं कव्हर, मीडिया रूमपर्यंतच्या वाटेवरचा काउंटर. पेन, ब्रश, मावशींचं फडकं, टिश्यू हे सगळं बंद पिशवीत घालून ‘सायक्लोहेक्झिमाइड’ असं लिहून रासायनिक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं. ॲप्रन वेगळे करून धुण्याच्या पावडरीत धुतले. दुसऱ्या दिवशी प्रमाणित वजनं ठेवून बॅलन्स तपासला तेव्हाच खोली उघडली.

खाचेत जे सापडलं ते मीठ होतं की सायक्लोहेक्झिमाइड, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तपासायची सोयही नव्हती. ते विष आहे असंच धरलं.

बनवलेल्या लिटरभर माध्यमाचं काय, हा प्रश्न रात्री निघाला. ते तर ट्यूबमध्ये ओतून निर्जंतुक होऊन बसलं होतं. त्याचा वापर नेहमीप्रमाणे करायचं ठरलं. अगरमध्ये गोठलेलं रसायन उडत नाही, ट्यूब बंद असतात. पण त्यानिमित्ताने विभागात पसरलेला एक गैरसमज समोर आला. बुरशी वाढलेल्या ट्यूब ऑटोक्लेव्ह केल्या, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केल्या, की ‘सगळं संपतं’ असं समजलं जायचं. बुरशी मरते, हे खरं. हे रसायन मात्र ऑटोक्लेव्हला बऱ्यापैकी पुरून उरतं. म्हणूनच तर ते माध्यमात घालून ऑटोक्लेव्ह करता येतं आणि तरीही काम करतं. म्हणजे ऑटोक्लेव्हनंतर वितळलेला अगर सिंकमध्ये ओतायचा नाही. तो २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जाळायला गेला पाहिजे. सुरक्षा-पत्रकात विल्हेवाटीच्या भागात ‘स्थानिक नियम पाळा’ एवढंच असतं. वाचणाऱ्याला त्याने काडीची मदत होत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग काय बदललं

बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत तीन सूचना आल्या आणि तिन्ही चुकीच्या होत्या.

एक: यापुढे वजन लॅमिनारमध्ये करा. विभागातला लॅमिनार आडव्या हवेचा होता. त्यातली हवा मागच्या गाळणीतून येते आणि सरळ काम करणाऱ्याच्या तोंडावर जाते. ते यंत्र माध्यम जपतं, माणूस नाही. त्यात विषारी पूड तोलणं म्हणजे पंख्याखाली तोलण्याहून वाईट. बायोसेफ्टी कॅबिनेट त्यापेक्षा बरं, पण बहुतेक ठिकाणी असलेल्या प्रकारात बरीचशी हवा गाळून आतच फिरवली जाते. पूड अडते, पण ती विरघळवायला लागणाऱ्या ॲसिटोनची वाफ अडत नाही. या कामाला रसायनशास्त्राचा धूर खेचणारा हूडच हवा, आणि तो शेजारच्या बायोकेमिस्ट्रीत होता.

दोन: मायकॉलॉजीत मुलींना ठेवू नका. ही सूचना दरवर्षी कुठेतरी निघते आणि ती ऐकायला काळजीची वाटते. पण गिळल्यास प्राणघातक ही ओळ सगळ्यांसाठी आहे, जनुकांतले बदल पुरुषांतही होतात, आणि गरोदरपण पहिले काही आठवडे कुणालाच सांगून येत नाही. खोली एवढी सुरक्षित पाहिजे की कुणाला वगळावं लागणार नाही. मॅडमनी हे एका वाक्यात संपवलं आणि पुढचा मुद्दा घेतला. एवढं मात्र मान्य झालं की जिला स्वतःहून हे काम काही काळ नको असेल तिने कारण न देता सांगावं.

तीन: आणखी चांगले ग्लोव्हज घ्या. याबद्दल वर लिहिलंच आहे.

मग काकाच म्हणाले, “वजन करायलाच कशाला पाहिजे?” आणि बैठकीचा सूर बदलला. माध्यमाच्या जुन्या कृतीतच उत्तर होतं. लिटरभर माध्यमासाठी अर्धा ग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड १० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये विरघळवून घालतात. बाटली १ ग्रॅमची घ्यायची, हूडमध्ये उघडायची, पूड बाहेर काढायचीच नाही. २० मिलिलिटर ॲसिटोन थेट बाटलीत सोडायचं, झाकण लावून हलवायचं आणि लिटरला १० मिलिलिटर घालायचं. बाटलीत लेबलपेक्षा चार-दोन टक्के इकडेतिकडे असेल तर गजकर्णाच्या बुरशीला त्याचा पत्ताही लागत नाही. मिलिग्रॅमपर्यंतची अचूकता इथे कुणालाच नको होती. बॅलन्स दाखवतो म्हणून ती पाळली जात होती.

ॲसिटोनचे आपले धोके आहेत. हूडमध्ये बर्नर नको, पॉलिस्टायरीनचे पिपेट नकोत, काचेचे हवेत. पातळ नायट्रिलमधून ॲसिटोन झटकन आत शिरतं, आणि आता त्यात हे विष विरघळलेलं आहे. म्हणून दोन थर, आणि वरच्या थरावर थेंब पडला की तो ग्लोव्ह तिथल्या तिथे बदलायचा. बाजारात माध्यमाच्या ठरावीक मापाला पुरेल अशा, दोन्ही औषधं असलेल्या छोट्या व्हायल मिळतात, त्याही याच पद्धतीने विरघळवतात. आणि तयार माध्यम मिळत असेल तर यातलं काहीच करू नये. खरेदी विभागाला लिहिलेल्या पत्रात मॅडमनी हेच पहिलं कारण दिलं: दोन हजारांच्या बचतीसाठी विष सुटं आणू नये. (आकडा त्यांचा, रागात लिहिलेला.)

जिथे तोलावंच लागतं तिथली रीतही ठरली. झाकणाची रिकामी ट्यूब बॅलन्सवर ठेवून वजन घ्यायचं, ट्यूब हूडमध्ये न्यायची, तिथे अंदाजाने पूड घालून झाकण लावायचं, बाहेरून ओल्या टिश्यूने पुसून परत बॅलन्सवर. ५१२ आले तर ५१२. पूड परत बाटलीत टाकायची नाही, द्रावक त्या हिशेबाने वाढवायचं.

आणखी एक प्रश्न कुणी विचारला नव्हता तो त्वचारोगाच्या सरांनी विचारला: प्रत्येक नमुन्याला हे माध्यम लागतं का? नाही. सायक्लोहेक्झिमाइड क्रिप्टोकॉकसला, म्युकरच्या कुळाला, काही ॲस्परजिलसना आणि नखांत सापडणाऱ्या निओसायटॅलिडियमलाही वाढू देत नाही. म्हणून त्वचा आणि नखांच्या नमुन्याला एक ट्यूब हे घातलेली आणि एक न घातलेली लावतात. इतर नमुन्यांना नुसतं क्लोरॅम्फेनिकॉलचं माध्यम. विभागात मात्र सोय म्हणून सरसकट दोन्ही लावलं जात होतं. ते बंद झाल्यावर सायक्लोहेक्झिमाइडचा खपही उतरला. क्लोरॅम्फेनिकॉलही काही साधू नाही. क्वचित कुणाच्या अस्थिमज्जेवर ते कायमचा घाव घालतं, आणि त्यालाही मात्रेचं गणित लागू होत नाही. त्याची पूडही आता हूडमध्येच उघडते.

बॅलन्स रूमच्या लॉगबुकात एक रकाना वाढला: पुसलं कुणी, कशाने. मावशींचं कोरडं फडकं गेलं, ओलं आलं. हूडमध्ये काम झाल्यावर तिथलं टेबल काम करणाऱ्याने स्वतः सोड्याच्या पाण्याने पुसायचं, मावशींवर सोडायचं नाही. बाटली फ्रिजमधून निघून कुलपाच्या डब्यात गेली, कवटीचं चिन्ह पुढे करून.

पंधरवड्याने बायोकेमिस्ट्रीतला एक पीएचडीचा विद्यार्थी आला. त्याला पेशींच्या प्रयोगासाठी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड हवं होतं, “थोडी पावडर द्या, मॅडम, आम्ही डीएमएसओमध्ये करून घेऊ.” डीएमएसओ त्वचेतून सहज आत शिरतं आणि त्यात विरघळलेलं सोबत घेऊन जातं; हा सर्वांत वाईट द्रावक. त्याला सांगितलं की पूड मिळणार नाही. त्याच्या प्रयोगाला पाण्यातलं द्रावण चालतं, मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचं. ते हूडमध्ये करून, एकेका प्रयोगाच्या मापाच्या बंद ट्यूब भरून, त्याच्या नावाने नोंदवून दिलं. रिकाम्या ट्यूब आठवड्याने परत आणून सोड्याच्या पाण्यात टाकायच्या, ही अट त्याने सही करून मान्य केली.